चालत्या दुकानाच्या दाराला आकड्यांचे कुलूप

पिंपरी कॅम्पातील गाळ्याचे भाडे ज्याला झेपत नाही, किंवा गाळा असूनही गिऱ्हाइकाची वाट पाहण्याऐवजी आपणच त्याच्याकडे जावे असे ज्याला वाटते, असा कापडवाला हल्ली टेम्पोवर बंद बॉडी बांधून घेतो. आत रॅक, बाजूला माणूस शिरेल एवढे एक दार, मागे मालाची फळी. चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या पट्ट्यात शिफ्ट सुटण्याच्या वेळी अशी गाडी उभी राहिली की शर्टपीस, चादरी, रेडिमेड पँटी यांना तेथेच उठाव मिळतो. शिलाई मशीन आत ठेवून अल्टरेशनचे काम करणारे कारीगरही आता दिसतात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तर अशा गाडीत रात्रभर राहणारा माल लहान दुकानातील मालाच्या तोडीचा असतो. त्याच्या रक्षणाला काय असते? बॉडीवाल्याने हिशेबात धरून बसवलेले एक हॅण्डल-लॉक आणि त्याच्या तीन चाव्या. एक मालकाकडे, एक ड्रायव्हरकडे, आणि तिसरी कोठे आहे हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

आजचा धडा त्या तिसऱ्या चावीविषयी आहे.

माल कमी भरला की पहिला संशय दारावर जातो आणि दुसरा पोरांवर. चावी एकच नमुन्याची, ती चौघांच्या हातातून फिरलेली. मग कोणाला विचारायचे? मालक बोलत नाही, पण मनात धरतो. पोरगा निर्दोष असला तरी त्याला ते कळते आणि महिन्याभरात तो दुसरीकडे कामाला लागतो. बटणांच्या कुलपाचा खरा उपयोग आम्हाला येथे दिसतो. चावी बाळगावी लागत नाही ही सोय आहेच. परंतु प्रत्येक माणसाला स्वतःचा वेगळा नंबर देता येतो, तो माणूस काम सोडून गेला की एवढाच नंबर रद्द करता येतो, आणि चांगल्या कुलपात कोणत्या नंबराने किती वाजता दार उघडले याची नोंद राहते. ही नोंद जशी मालकाच्या कामाची, तशीच प्रामाणिक नोकराच्याही. रात्री अकराला दार कोणी उघडले हे कुलूपच सांगत असेल तर बाकीच्या तिघांना मान खाली घालावी लागत नाही.

अक्षरे किंवा आकडे जुळवून उघडणारे कुलूप ही काही आजची करामत नाही. अल-जझरी या कारागिराने इ. स. १२०६ मध्ये दियारबकर येथे पूर्ण केलेल्या यंत्रांवरील ग्रंथात चार तबकड्या जुळवल्यावर उघडणाऱ्या पेटीच्या कुलपाची रचना दिली आहे. आपल्याकडे अलीगढचे कारीगर आणि १८९७ पासून मुंबईत कुलपे करणारे गोदरेज यांनी चावीच्या कुलपावर देश सांभाळला. बॅटरीवरचे बटण-कुलूप मात्र आपल्या दुकानदारीत अलीकडेच आले आहे.

राहत्या गाड्या, म्हणजे ज्यांना कॅम्पर किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात, त्यांच्या मालकांनी हा मार्ग आधी धरला. अमेरिकेत अशा गाड्यांच्या सामानाच्या कप्प्यांना वर्षानुवर्षे ‘सीएच ७५१’ या एकाच नंबरच्या चावीची कुलपे लागत आली. एकाची चावी हजारोंच्या कप्प्यांना चालते. असे कळल्यावर माणूस आपल्या मुख्य दाराच्या कुलपाकडेही संशयाने पाहणारच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर आपल्याकडेही व्हॅनची राहती गाडी करून घेण्याची चर्चा वाढली. अशा गाडीचे दार आणि आपल्या टेम्पो-दुकानाचे दार यांत फारसा फरक नाही. दोन्ही पातळ पत्र्याची, आत फोम किंवा प्लाय, कडेला अॅल्युमिनियमचे सेक्शन. म्हणून दोघांना एकच धडा लागू पडतो.

माप घेतल्याशिवाय कुलूप घेऊ नये

घराच्या लाकडी दाराचे कुलूप आणून टेम्पोला बसवण्याचा मोह होतो, कारण ते हार्डवेअरच्या प्रत्येक दुकानात मिळते. ती कुलपे बहुधा पस्तीस ते पन्नास मिलिमीटर जाडीच्या दारासाठी असतात. टेम्पोचे दार त्याहून पातळ निघाले तर आतली आणि बाहेरची पट्टी एकमेकींना घट्ट धरत नाहीत, कुलूप डुलते आणि चाकणच्या रस्त्यावर महिन्याभरात स्क्रू सैल होतात. तेव्हा बाजारात जाताना कागदावर चार मापे हवीत: दाराची जाडी, दाराच्या कडेपासून कुलपाच्या मध्यापर्यंतचे अंतर, जुन्या कुलपाच्या भोकाची लांबी-रुंदी, आणि दार कोणत्या हाताला व आत की बाहेर उघडते. नव्या कुलपाची पट्टी जुने भोक पूर्ण झाकत असेल तर उत्तम. नसेल तर आतून-बाहेरून पत्र्याची थिगळपट्टी रिव्हेट करून घ्यावी. तेथून पाणी शिरले तर आधी कपड्याच्या गठ्ठ्याला वास येतो आणि मग कुलूप बिघडते.

खिट्टी कोणती आहे हेही पाहावे. स्प्रिंगवर आपोआप लागणारी तिरकी जीभ पातळ पट्टीने मागे सारता येते. गाडीच्या दाराला सरळ, जाड आणि ढकलून मागे न जाणारी खिट्टी पाहिजे. बाहेरील भागावर ‘आयपी’ हा दर्जा छापलेला असतो. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे बऱ्यापैकी धूळ आणि शिंतोडे सहन होतील. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. गाडी आठवड्यातून एकदा पाइपाने धुतली जाते हे लक्षात घेता आम्ही दुसरा सुचवू. किमती चार आकडी रकमेपासून पाच आकडीपर्यंत आहेत. महाग कुलपातील बोटाचा ठसा कारीगराच्या कामाचा नाही. सुई, तेल आणि खडूने घासलेली बोटे मशीनला नीट ओळखता येत नाहीत. तो पैसा खिट्टीवर आणि दर्जावर घालावा.

नंबराचा हिशेब

चार आकड्यांचा नंबर असेल तर एकूण दहा हजार प्रकार होतात, सहा आकड्यांचा असेल तर दहा लाख. एकेक नंबर दाबून पाहायला दहा सेकंद धरली तर दहा हजारांना सत्तावीस तासांहून जास्त लागतात. शिवाय चांगले कुलूप काही चुकांनंतर थोडा वेळ बंद पडते. येथवर सगळे ठीक.

आता खोट पाहू. रोज तीच चार बटणे दाबली की ती गुळगुळीत होतात, किंवा त्यांवर हाताचा मळ बसतो. चोराला चार बटणे कळली म्हणजे त्याच्यापुढे दहा हजार नाही, फक्त चोवीस क्रम उरतात. चार मिनिटांचे काम. गंमत अशी की, नंबरात एक आकडा दोनदा घेतला, म्हणजे तीनच बटणे झिजली, तर छत्तीस क्रम होतात. म्हणजे आकडा दोनदा घेणे येथे थोडे बरे पडते. खरा इलाज म्हणजे सहा आकड्यांचा नंबर, तो दर दोन-तीन महिन्यांनी बदलणे आणि बटणे रोज फडक्याने पुसणे. काही कुलपांत खऱ्या नंबराच्या मागेपुढे वाटेल ते आकडे दाबता येतात. शेजारी गिऱ्हाईक उभे असताना ही सोय फार उपयोगी आहे.

बॅटरी नसलेले, नुसत्या यांत्रिक बटणांचे कुलूपही मिळते. ते मजबूत असते आणि पावसाला भीत नाही, म्हणून अनेकांना आवडते. पण त्यातील बऱ्याच कुलपांत बटणांचा क्रम पाहिलाच जात नाही. योग्य चार बटणे कोणत्याही क्रमाने दाबली तरी दार उघडते. दहा बटणांतून चार निवडण्याचे प्रकार होतात फक्त दोनशे दहा. दहा सेकंदांच्या हिशेबाने पस्तीस मिनिटे, आणि बटणे झिजली असतील तर एकच खेप. शिवाय त्यात सगळ्यांना मिळून एकच नंबर, म्हणजे पुन्हा तीच तिसरी चावी. गोदामाच्या संडासाला असे कुलूप ठीक आहे, मालाच्या दाराला आम्ही ते सांगणार नाही.

नंबर कोणता ठेवावा? आपल्या लोकांची एक सवय सांगितली पाहिजे. गाडीचा नंबर, मोबाइलचा शेवट, तिजोरी, सगळीकडे ७८६. ज्याच्या टेम्पोच्या काचेवर ७८६ लिहिले आहे त्याच्या कुलपावर चोर पहिल्यांदा ०७८६ दाबणार, दुसऱ्यांदा ७८६७८६. तसेच एमएच १४ च्या पुढचे चार आकडे दारापासून हातभर अंतरावर रंगवलेले असतात, दुकानाचा फोन नंबर बॉडीवर असतो. डोळ्यांना दिसणारा कोणताही आकडा घेऊ नये. आणि कारखान्यातून आलेला मूळ नंबर, १२३४ किंवा १२३४५६, बसवणारा माणूस निघून गेल्यावर स्वतःच्या हाताने बदलावा. मोबाइलवरून चालणारे कुलूप असेल तर त्याचे खाते मालकाच्या नावे आणि मालकाच्या फोनवर उघडले आहे ना, हे त्याच दिवशी पाहावे.

बसवताना

दार कापण्याआधी बिजागरी पाहावी. बिजागरी बाहेरून असेल आणि तिचा खिळा ठोकून निघत असेल तर कुलूप कितीही भारी असले तरी उपयोग नाही. चौकटीत खिट्टी जेथे जाते तेथली पट्टी जाड लोखंडाची हवी, मागच्या सेक्शनला नटबोल्टने पक्की केलेली. नुसत्या पत्र्यात रिव्हेट मारलेली पट्टी एका पहारीने सुटते. सगळीकडे नायलॉनचे कडे असलेले नट वापरावेत, ते हादऱ्याने उलटे फिरत नाहीत. बाहेरच्या पट्टीमागे रबरी गॅस्केट, दारावर पाणी बाजूला सारणारी एक पन्हळपट्टी.

एक चाचणी फार थोडे बॉडीवाले करतात, ती आपण मागून घ्यावी. सपाट जागी कुलूप सुरेख लागते. मग गाडीचे एक मागचे चाक विटेवर किंवा फुटपाथच्या कडेवर चढवावे. बॉडीला पीळ पडतो, दाराची चौकट काही मिलिमीटर तिरकी होते आणि खिट्टी खाचेला घासू लागते. हाताच्या कुलपाला माणूस खांदा लावून दार दाबतो. मोटारीच्या खिट्टीला खांदा नसतो. ती अडते, बॅटरी खाते आणि शेवटी जळते. खाच कानशीने किंचित मोठी करून घेतली की हा त्रास संपतो. बाजाराच्या दिवशी सपाट जागा कोणाला मिळते?

बॅटरी बहुतेक कुलपांत चार लहान सेलची असते. अल्कलाइन सेल घालावेत, चारही एकदम बदलावेत. रिचार्जेबल सेल दीड ऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास चालतो, त्यामुळे कुलूप ‘बॅटरी संपली’ म्हणून उगाच ओरडते. गाडीच्या बॅटरीची तार सरळ कुलपाला जोडू नये. लहान टेम्पोत बारा व्होल्ट आणि मोठ्या गाडीत चोवीस असतात, कुलपाला लागतात सहा. सेल मेले तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा चार्जरची वायर लावून उघडण्याची सोय आहे का, ते दुकानातच करून पाहावे. सोबतची आपत्कालीन चावी घरी ठेवावी. ती टेम्पोच्या डॅशबोर्डमध्ये ठेवणारे महाभाग आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. दार आतून, नंबर न दाबता, बॅटरी नसताना, अंधारात एका हाताने उघडले पाहिजे. १९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या एका टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागली. मागचे दार उघडले नाही आणि मागच्या बाजूला बसलेले चौघे आतच गेले. आग कशी लागली हा पोलीस तपासाचा भाग. आम्ही दाराबद्दल बोलतो आहोत. आपल्या गाडीत कापड असते, इस्त्री असते, कधी चहासाठी छोटा गॅस असतो, आणि ईदच्या आधी पोरे आतच झोपतात. ज्या कुलपाला आतून साधी मूठ नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. बाहेरून कडी आणि टाळे लावण्याची जुनी पद्धत असेल तर आत माणूस असताना ती कडी लावायचीच नाही, आणि हे ड्रायव्हरला मालकाने स्वतः सांगावे.

कुलूप बदलल्याने गाडीच्या कागदपत्रांत फरक पडत नाही. नवीन जागी दार कापायचे असेल, बॉडीचा नमुना बदलत असेल, तर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो. आरटीओत आधी विचारून मगच कटर चालवावा.

राहिला विम्याचा मामला. चोरीच्या पॉलिसीत बहुधा अशी व्याख्या असते की चोर जबरदस्तीने, बळाचा वापर करून शिरला किंवा बाहेर पडला पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये एका गोदामाच्या चोरीच्या प्रकरणात ही अट शब्दशः धरली; माल गेला एवढ्यावर भरपाई मिळाली नाही. आता विचार करा, चावीचे कुलूप तोडले तर निशाणी राहते, नंबर दाबून उघडले तर काहीच राहत नाही. म्हणून कुलूप बसवण्याआधी एजंटला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: पॉलिसीत गाडीतील माल धरला आहे की फक्त दुकानाचा पत्ता, रात्री उभ्या गाडीची जागा लिहावी लागते का, आणि तोडफोडीशिवाय दार उघडून झालेली चोरी या पॉलिसीत बसते का, बसत नसेल तर जादा हप्ता भरून ती घेता येते का. तोंडी ‘सब हो जाएगा, सेठ’ हे उत्तर चालणार नाही. कागद घ्यावा आणि पॉलिसीलाच टाचून ठेवावा.