कान कच्चा की घोडी सरकलेली?

मूल गिटार शिकतंय. पहिल्या दोन-तीन फ्रेटांतले कॉर्ड छान वाजतात, पण हात सातव्या-बाराव्या फ्रेटकडे गेला की सूर बिघडतो. मग आपण पटकन म्हणून मोकळे होतो, "याचा कानच कच्चा आहे." शिक्षक-पालक मित्रहो, हे म्हणण्याआधी पाच मिनिटं वाद्याकडे बघा. गिटार आर्चटॉप असेल तर नक्कीच बघा.

आर्चटॉप म्हणजे आतून पोकळ आणि व्हायोलिनसारखी फुगीर फळी असलेली गिटार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलमझू गावी, ऑर्व्हिल गिब्सन याने १८९०च्या दशकात अशी कोरीव फळीची वाद्यं बनवली. पुढे त्याच्याच नावाच्या कंपनीने १९२२ मध्ये एल-५ ही गिटार आणली. तिला भोकंही व्हायोलिनसारखी, इंग्रजी एफ आकाराची. जाझमध्ये हे वाद्य रुळलं.

आता मुद्द्याची गोष्ट. साध्या अकूस्टिक गिटारचा ब्रिज, म्हणजे आपली घोडी, फळीला चिकटवलेला असतो. आर्चटॉपचा बहुधा चिकटवलेला नसतो. (काहींत तो खिळीने पक्का केलेला असतो, ते आधी बघून घ्या.) व्हायोलिनच्या घोडीसारखा तो फक्त तारांच्या दाबाने जागेवर उभा राहतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की ब्रिज सुटून हातात येतो, आणि परत ठेवताना 'साधारण इथेच होता' म्हणून ठेवला जातो. गडबड होते ती इथे.

किती गडबड? हे गणित मुलांकडून जरूर करून घ्या. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी बऱ्याच आर्चटॉपमध्ये सुमारे ६४८ मिलिमीटर असते. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ वर. तार निम्मी झाली की कंपनं दुप्पट, म्हणजे वरचा सा. आता ब्रिज १० मिलिमीटर पुढे, नेककडे सरकला असं धरा. मोकळी तार ६३८ उरली, ती आपण खुंटी पिळून सुरात लावली. पण बाराव्या फ्रेटवर उरले ३१४. ६३८ भागिले ३१४ म्हणजे सुमारे २.०३, दोन नव्हे! एका अर्धस्वराचे १०० भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर सूर जवळजवळ २७ सेंट चढला. तिसऱ्या फ्रेटवर हाच फरक जेमतेम ५ सेंटचा, सहसा कळतही नाही. म्हणून तर सुरुवातीचे धडे सुरेल होतात आणि हात वर गेला की मूल बोलणी खातं.

दुरुस्ती घरी होते. तारा नव्या घाला. जुन्या, गंजक्या तारांवर ही तपासणी करण्यात अर्थ नाही. बदलताना एकेकच बदला. आधी उंची बघा: ब्रिजच्या दोन्ही टोकांना छोट्या चकत्या असतात, त्या फिरवून वरचा भाग वर-खाली होतो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीड, एवढी फट बहुतेकांना चालते. चकती फिरवण्याआधी तारा थोड्या सैल करा, नाहीतर आटे खराब होतात.

मग जागा. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा. घंटीसारखा नाद येतो, त्याला हार्मोनिक म्हणतात. मग तिथेच तार हलकेच दाबून वाजवा आणि ट्यूनरवर दोन्ही ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर तार आखूड आहे, ब्रिज टेलपीसकडे सरकवा. उतरलेला असेल तर नेककडे. आधी सर्वांत जाड तार, मग सर्वांत बारीक. प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिमीटरएवढंच, आणि दर वेळी तारा पुन्हा सुरात लावून. शेवटी ब्रिज किंचित तिरपा बसेल, जाड तारेची बाजू टेलपीसकडे. ते बरोबरच आहे. तार दाबताना ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, म्हणून तिला निम्म्यापेक्षा जरा जास्त लांबी लागते. जाड तारेला अधिक.

जमलं की पायांच्या कडेला रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावून खूण ठेवा. आणि ब्रिज बाजूने बघा. तारा लावताना त्याचा माथा नेककडे ओढला जाऊन तो कलतो, त्याला दोन्ही हातांनी धरून सरळ करा. पायांखाली कागद सरकेल अशी फट दिसली तर मात्र ते पाय फळीच्या गोलाईप्रमाणे घासावे लागतात. हे काम मी मुलांना करू देत नाही, कारागिराकडे द्यावं.

एक शंका नेहमी येते: सगळं लावलं तरी तिसरी तार चढीच का? आर्चटॉपचे बरेच ब्रिज गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी कापलेले असतात. तिथे साधी, न गुंडाळलेली तार घातली की ती चढते. तार बदला, ब्रिज नको. शिवाय तानपुऱ्यावर गायला शिकलेल्या मुलाला गिटारचा गंधार थोडा चढा वाटेलच. समान अंतराने बसवलेल्या फ्रेटांत तो शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो, हार्मोनियमसारखाच. असं मूल तक्रार करत असेल तर त्याचा कान पक्का आहे.