हात ओढणीखाली लपवू नकोस

अगं, काल फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि लगेच विषय बदललास. "ताई, हा हात माझा वाटतच नाही गं." मी ते वाक्य सोडून देणार नाही. सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम), म्हणजे इजा भरली तरी हाता-पायाचं दुखणं न थांबणारा तुझा हा आजार, झालेली कितीतरी माणसं नेमकं हेच सांगतात, पण लोक आपल्याला वेडं समजतील या भीतीने एकदाच बोलून गप्प होतात. तुझं डोकं ठिकाणावर आहे. या आजारात मेंदूला हाताची जी ओळख असते तीच बदलते, म्हणून हात कधी आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, कधी परका. डॉक्टरांना हे आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही.

मनगटाचं हाड जुळलं, एक्स-रे चांगला आला, आणि तरी हात कधी लालबुंद तर कधी जांभळट. सकाळी गरम, संध्याकाळी गार. कातडी ताणून चकचकीत झालेली, त्याच हाताला घाम, नखांची वाढ वेगळी, बोटं सुजलेली, मूठ वळत नाही. पंख्याचा वारा लागला तरी आग होते. हे सगळं या एकाच आजाराचं आहे, त्यातलं काहीही तू मनाने उभं केलेलं नाहीस. १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांच्या हातापायांची अशीच आग सायलस वीअर मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवली होती. १९०० साली जर्मनीच्या पॉल सुडेक यांनी अशा दुखऱ्या भागातलं हाड विरळ होतं हे दाखवलं, आणि जुने हाडांचे डॉक्टर अजूनही याला 'सुडेक' म्हणतात. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा तीन-चार पटीने जास्त होतो, आणि मनगट मोडल्यानंतर तो बरेचदा दिसतो. घरात कुणी "मनाचे खेळ आहेत" म्हटलं की तुझा चेहरा पडतो ना, म्हणून एवढं सांगितलं.

आता माझं खरं म्हणणं ऐक. तू तो हात सारखा ओढणीखाली धरतेस. जेवताना मांडीवर, फोटोत पाठीमागे. कुणी रंगाबद्दल विचारू नये म्हणून हे करतेस, कळतं मला. पण हात झाकलास की तो वापरला जात नाही. वापरला नाही की सांधे आखडतात, स्नायू बारीक होतात, हाड आणखी ठिसूळ होतं. तुला वाटतं, दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय. या आजारात तसं नसतं. इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्थेची दुखणं सांगणारी यंत्रणा निवायला तयार नसते. तू बोटं हळूहळू हलवलीस आणि दुखलं, म्हणून नवी इजा झाली असं नाही.

तेव्हा दिवसातून काही वेळा तो हात समोर ठेव आणि त्याच्याकडे नीट बघ. जिथे दुखत नाही तिथून सुरुवात करून कापूस फिरव, मग जुन्या साडीचं मऊ कापड, बऱ्याच दिवसांनी टॉवेल. नळाखालचं कोमट पाणीही चालेल, बर्फ मात्र अजिबात नको. आरशाचा व्यायामही असतो. दुखरा हात आरशामागे ठेवायचा, चांगला हात पुढे हलवायचा आणि प्रतिबिंबाकडे पाहायचं. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हा उपाय हात-पाय कापलेल्यांच्या वेदनेसाठी वापरला होता, पुढे तो सीआरपीएसलाही लागू पडला. पण थेट आरशापासून सुरू करू नकोस. आधी फोटोतला हात डावा की उजवा हे ओळखायचं, मग हलवण्याची नुसती कल्पना करायची, त्यानंतर आरसा. हा क्रम फिजिओथेरपिस्टकडूनच शीक, घाई केली तर दुखणं भडकतं.

आणि ती मालिशवाली. तिला प्रेमाने पण ठाम नाही सांग. दुसऱ्याने जोर लावून बोटं वळवण्याचा हा आजार नव्हे.

बरा दिवस आला की तू आठवड्याच्या पोळ्या लाटायला बसतेस, आणि मग दोन दिवस अंथरुणात. त्यापेक्षा रोज थोडं. मटार सोलताना दुखऱ्या हाताने शेंग नुसती धर. एखादी वाटी विसळ, कपड्यांची घडी घाल. वाढलेलं दुखणं सकाळपर्यंत खाली आलं तर माप बरोबर. दुसरा दिवसही त्यातच गेला तर उद्या निम्मं कर, पण शून्य नको. कणीक मळणं, कुकर उचलणं, डब्याचं घट्ट झाकण ही कामं सरळ दुसऱ्यांवर सोपव. त्यात कमीपणा वाटतो तुला, पण तीच ताकद हाताच्या व्यायामाला हवी आहे.

लग्नातल्या बांगड्या चढत नाहीत म्हणून रडलीस. रड. हाताचं रूप बदललं आहे, त्याचं दुःख खरं आहे, आणि "लोकांचं याहून वाईट असतं" असं म्हणून ते कमी होत नाही. खोटी आशाही मी लावणार नाही. बऱ्याच जणांचा हात पहिल्या वर्षात पुष्कळ सुधारतो, काहींचा पूर्वीसारखा होत नाही. पण आखडलेलं बोट पुढे सोडवणं फार कठीण असतं, आज हलतंय ते हलतं ठेवणं त्या मानाने सोपं. प्रेगाबालिनने झोप येते म्हणून गोळी परस्पर बंद करू नकोस, डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घे. पुढे हालचाल कायमची कमी राहिलीच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली तपासणी करून घेता येते. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. ते मागण्यात लाज कसली?

पेन क्लिनिकची चिठ्ठी अजून तुझ्या पर्समध्येच आहे, मला ठाऊक आहे. उपचार जितके लवकर, तितका हात जास्त सुटतो. सोमवारी फोन करून वेळ घे आणि मला कळव, मी सोबत येते.