थबकलेला पारा आणि धुराची चव

अमेरिकेतील टेक्सस राज्यात गाईबैलांच्या छातीचे मांस लाकडाच्या धुरात दहा-बारा तास मंद भाजतात. त्याला ‘ब्रिस्केट’ म्हणतात. भट्टीतील हवा सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअस असते. मांसात खुपसलेल्या तापमापीचा आकडा काही तास चढतो आणि ६५ ते ७० अंशांच्या आसपास थबकतो. विस्तव तोच, हवाही तितकीच तप्त. तरी तासन् तास तो हलत नाही! नवशिका घाबरून जाळ वाढवतो. मग मांस वरून करपते आणि आत वातड राहते. ही उष्णता जाते कोठे?

घरचा माठ आठवा. पाझरलेले पाणी वाफ होताना माठातील उष्णता घेऊन जाते. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवण्यास १ कॅलरी पुरते. तेवढ्याच पाण्याची १०० अंशांवर वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. मांसातील पाणी असेच पृष्ठभागावर येऊन उडून जाते. भट्टीकडून मिळणारी उष्णता आणि बाष्पीभवनात खर्च होणारी उष्णता समान झाली, की तापमान स्थिरावते. पृष्ठभाग सुकला, की ते पुन्हा चढू लागते. पडताळा हवा? मांस धातूच्या पातळ वर्खात घट्ट गुंडाळले, तर बाष्पीभवन रोखले जाते आणि आकडा फारसा अडत नाही.

हा वेळ वाया मात्र जात नाही. छातीचे स्नायू जनावराचे वजन पेलतात. म्हणून त्यांत कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असते. ६० ते ७० अंशांच्या पुढे, ओलाव्यात, ते सावकाश उलगडून मऊ जिलेटिन बनते. या कामी घाई चालत नाही.

आणि चव? लाकडातील लिग्निन उष्णतेने फुटून ग्वायकॉल व सिरिंगॉल ही संयुगे तयार होतात. धुराचा स्वाद व गंध मुख्यतः त्यांचा. ती ओलसर पृष्ठभागावर चिकटतात आणि विरघळतात. वरचा तपकिरी थर अमिनो आम्ले व शर्करा यांच्या अभिक्रियेतून येतो. फ्रेंच रसायनज्ञ मैलार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. भाकरीवरील खरपूस डाग हे तिचेच काम. पण धुरात बेंझोपायरीनसारखी कर्ककारक द्रव्येही असतात, हे विसरू नका.

आता प्रयोग करा. दोन सारख्या तापमापी पंख्याखाली ठेवा. एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. दहा मिनिटांनी दोन्हींतील फरक नोंदवा. हाच प्रयोग उन्हाळ्यात आणि भर पावसाळ्यात केल्यास फरक सारखाच येईल का? कारणासह उत्तर लिहा.