दवाखाना कुणाचा?

असे समजा की, एक गाव आहे. गावात दोनशे घरे आहेत. गावाला लागून ओढा आहे. ओढ्यापलीकडे भाताची खाचरे आहेत. आठ किलोमीटरवर बाजाराचे गाव आहे. तिथे सरकारी दवाखाना आहे. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतात. असे गाव तुम्ही पाहिले असेल. कदाचित ते तुमचेच गाव असेल.

आषाढाचे दिवस होते. लावणी चालू होती. दिवेलागणीला तात्यांची सून बांधावरून घरी येत होती. गवतात तिच्या पायाला काहीतरी डसले. तिने हाक मारली. तात्या धावले. पाहतात तो पायावर दोन दातांच्या खुणा!

तात्यांनी तिला मांत्रिकाकडे नेले नाही. जखमेवर ब्लेड मारले नाही. पाय दोरीने आवळला नाही. तिला चालू दिले नाही. शेजाऱ्याच्या जीपमध्ये निजवून थेट दवाखान्यात आणले. हे त्यांनी फार शहाणपणाचे केले.

दवाखान्याचे दार उघडे होते. नर्सबाई हजर होत्या. पण डॉक्टर नव्हते. तिथे डॉक्टरांच्या दोन जागा. एक जागा वर्षभर रिकामी. दुसरे डॉक्टर तीन रात्री सलग जागले होते. ते त्या दिवशी रजेवर गेले होते. कपाटात सर्पदंशावरच्या लशीच्या दोनच कुप्या उरल्या होत्या. विष भिनू लागले की एका माणसाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात.

नर्सबाईंनी १०८ नंबरला फोन लावला. गाडी आली. सून तालुक्याला गेली. तिथून तिला जिल्ह्याला न्यायला सांगितले. मध्यरात्री एका खासगी दवाखान्यात ती दाखल झाली. पाच दिवसांनी ती घरी आली. जीव वाचला. पण तात्यांची बैलजोडी विकली गेली. वर कर्ज झाले ते निराळेच.

ग्रामसभेत गलका

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा भरली. झेंडावंदन झाले. तात्या उभे राहिले.

"सून वाचली, देवाची किरपा. पर माझा एक सवाल हाय. त्यो सरकारी दवाखाना कशापायी बांधलाय? निस्ता रंग द्याया?"

एक तरणा पोरगा उसळून म्हणाला, "कुलूप ठोकू दवाखान्याला! डाक्टर आला की जाब इचारू. न्हाई बोलला तर दोन ठिवून देऊ!"

मागे एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुलूप ठोक बाबा. मग माज्या बिलडपेशरच्या गोळ्या कोण देईल? तुजा बा?"

सगळे हसले. पोरगा खाली बसला.

दुकानदार म्हणाले, "सोडा तो नाद. सरकारी ते सरकारीच. पैसे टाकावेत, खासगीत जावं. काम चोख."

तात्या त्यांच्याकडे वळले. "टाकलं की पैसं! बैल गेलं. आता माजा नांगर तू वढतूस का?"

दुकानदारांना उत्तर सुचले नाही. गावात अशी पुष्कळ घरे होती. कुणाचे आजारपणात दागिने गेले होते. कुणाची जमीन गहाण पडली होती. प्रश्न एकट्या तात्यांचा नव्हता.

दवाखाना आला कुठून?

शाळेचे गुरुजी सभेला होते. सरपंच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगा. हा दवाखाना नेमका आहे तरी कुणाचा?"

गुरुजी म्हणाले, "ऐका. इंग्रजांच्या काळात, १९४३ साली, एक समिती नेमली होती. सर जोसेफ भोर तिचे अध्यक्ष होते. देशाच्या आरोग्याची पाहणी करून समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्यात मोठी मोलाची गोष्ट लिहिली. ती अशी की, पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडता कामा नये. खेडोपाडी दवाखाने काढावेत, असेही सुचवले. पुढे १९५२ पासून आपल्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली."

"सरकारी योजनेत माणसांचा हिशेब असा आहे. सपाटीच्या भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र. तिथे नर्सबाई. ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे डॉक्टर. डोंगरी आणि आदिवासी भागांत ३,००० आणि २०,००० माणसांमागे. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय. तिथे ३० खाटा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. तेव्हापासून गावात आशाताई आल्या."

"आणि पैसा कुठला?" सरपंचांनी विचारले.

"आपलाच," गुरुजी म्हणाले. "काडेपेटीपासून डिझेलपर्यंत जे जे आपण विकत घेतो, त्यात कर असतो. त्यातून दवाखाना चालतो. तो कुणी धर्मादाय दिलेला नाही. तो आपला आहे."

उणे कुठे आहे?

तात्या म्हणाले, "आपला हाय, तर मग आपल्या वक्ताला उपेगी का पडंना?"

यावर आशाताई उठल्या. त्या गावच्याच सून होत्या. त्यांना सरकारी नोकरासारखा पगार नाही. मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो.

त्या म्हणाल्या, "तात्या, तुमचा राग खरा आहे. पण दुसरी बाजूही बघा. दोन डॉक्टरांचं काम एकटा डॉक्टर करतो. सकाळी रांग. दुपारी कागद. रात्री बाळंतपण. नर्सबाईंची तीच गत. माणूस कमी असलं की जो आहे तोही थकतो. थकला की खेकसतो. खेकसला की लोक येत नाहीत. लोक आले नाहीत की वरचे म्हणतात, तिथे गर्दीच नाही, कशाला माणूस द्यायचा? असा हा रहाट फिरतो."

गुरुजी म्हणाले, "ताई खरं बोलल्या. हे दुखणे साऱ्या देशाचे आहे. सरकारचाच हिशेब सांगतो. तो २०२१-२२ सालचा आहे. ग्रामीण भागातल्या मोठ्या केंद्रांत शस्त्रक्रियेचे, बाळंतपणाचे, मुलांचे असे खास डॉक्टर लागतात. जिथे असे १०० डॉक्टर हवेत, तिथे सुमारे ८० कमी होते."

"दुसरी गोष्ट पैशाची. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात असे ठरले की, देशाचे उत्पन्न १०० रुपये धरले, तर सरकारांनी आरोग्यावर अडीच रुपये खर्चावेत. २०२५ पर्यंत तिथे पोचायचे होते. २०२१-२२ साली हा खर्च १ रुपया ८४ पैसे होता. पूर्वीपेक्षा तो वाढला, हेही खरे. २०१३-१४ साली तो १ रुपया १५ पैसे होता. तेव्हा देशात आरोग्यावर होणाऱ्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून देत. २०२१-२२ साली ते ३९ रुपयांवर आले. पण ३९ रुपये थोडे नव्हेत. तात्यांचे बैल त्या ३९ रुपयांत गेले."

सभा गप्प झाली.

कोर्ट काय म्हणाले?

गुरुजींनी मग एक खरी हकिकत सांगितली.

"१९९२ सालची गोष्ट. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर धावत्या आगगाडीतून पडला. डोक्याला मार लागला. त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेले. तिथे सोय नव्हती. मग कलकत्त्याला नेले. एकामागून एक सरकारी रुग्णालये हिंडून झाली. कुठे खाट रिकामी नाही. कुठे सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात उपचार झाले. सुमारे १७,००० रुपये खर्च आला."

"तो मजूर आणि त्याची शेतमजुरांची संघटना गप्प बसली नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ साली निकाल लागला. कोर्ट म्हणाले, माणसाचा जीव वाचवणे हे सरकारी रुग्णालयाचे कर्तव्य आहे. वेळेवर उपचार दिले नाहीत, तर त्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला येतो. पैसा नाही, ही सबब चालणार नाही. त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली."

पोरगा हळूच म्हणाला, "म्हंजी डोकं फोडून नव्हं, कागदानं काम झालं."

"होय," गुरुजी म्हणाले. "आणि डॉक्टर-नर्सवर हात टाकणे गुन्हा आहे. आपल्या राज्यात २०१० साली तसा कायदा झाला. शिवाय ज्या गावात डॉक्टरला मारतात, तिथे दुसरा डॉक्टर यायला धजेल का?"

गावाने काय केले?

आशाताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्याने अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे घेतले. उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आहे. त्या कामात गावकरी स्वतः दवाखाना पाहत. काम चांगले असेल तर हिरवी खूण. बरे असेल तर पिवळी. वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई होई. एका बाजूला लोक बसत. समोर अधिकारी बसत. लोक विचारत. अधिकारी उत्तर देत.

"मग आपण बी तसंच करू," आजी म्हणाल्या. "मला खुणा करता येत्यात. औंदा लिहाया शिकलेय मी."

सभेने पाच माणसे निवडली. आजी, तात्या, आशाताई, तो पोरगा आणि एक बाळंतपण झालेली लेक. ही मंडळी दवाखान्यात गेली. त्यांनी भांडण काढले नाही. डॉक्टरांना नमस्कार केला. मग एकेक गोष्ट पाहून वहीत लिहिली.

डॉक्टरांच्या जागा किती? दोन. भरलेली किती? एक. सर्पदंशाची लस? दोन कुप्या. कुत्रा चावल्याची लस? आहे. पिण्याचे पाणी? आहे. बायकांचा संडास? मोडका. औषधे बाहेरून आणायला सांगतात का? कधी कधी.

वही पाहून डॉक्टर म्हणाले, "हे मी तीनदा वर कळवलं आहे. आता तुम्हीही कळवा. माझ्या एका कागदापेक्षा गावाच्या ठरावाला वजन जास्त."

ग्रामसभेने ठराव केला. अर्ज तयार झाला. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. एक जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. एक दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीला. प्रत्येक प्रतीची पोच घेतली. खाली सह्या झाल्या. आजींनी अंगठा दिला नाही. सही केली.

दीड महिन्याने सर्पदंशाची लस आली. किती कुप्या शिल्लक आहेत, ते आता फळ्यावर रोज लिहितात. संडास दुरुस्त झाला. डॉक्टरांची दुसरी जागा मात्र अजून रिकामी आहे. गावाने दुसरा अर्ज दिला आहे. तात्यांचे बैल परत आलेले नाहीत. ते शेजाऱ्याच्या बैलांनी नांगरतात. पण त्या फळ्यापुढे थांबून ते कुप्यांचा आकडा वाचतात, आणि मगच बाजाराला जातात.

लक्षात ठेवा

१. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या विभागात येत नाहीत.

२. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत असते. पोट चिरून झाले तरी मोफत. औषध, जेवण, जाण्यायेण्याची गाडीही त्यातच येते. ही योजना २०११ साली सुरू झाली.

३. अपघात, सर्पदंश, अडलेले बाळंतपण अशा वेळी १०८ ला फोन करा. गाडीचे पैसे पडत नाहीत.

४. साप चावला तर माणसाला चालवू नका. पाय हलवू देऊ नका. जखम कापू नका, चोखू नका. दोरी आवळू नका. वेळ न घालवता दवाखाना गाठा.

५. तक्रार तोंडी करू नका. लिहून द्या. पोच घ्या. पोच जपून ठेवा.

कठीण शब्द

कुपी – औषधाची लहान बाटली. ठराव – सभेने मिळून घेतलेला निर्णय. पोच – कागद मिळाल्याची सही. जनसुनवाई – लोकांनी विचारायचे आणि अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचे, अशी सभा. भरपाई – झालेल्या नुकसानीबद्दल मिळालेले पैसे.

सांगा पाहू

१. तात्यांनी सुनेसाठी कोणत्या गोष्टी बरोबर केल्या?

२. दवाखान्याला कुलूप ठोकले असते, तर कुणाचे नुकसान झाले असते?

३. आशाताईंनी सांगितलेला रहाट कसा फिरतो? तो कुठे थांबवता येईल?

४. तुमच्या गावासाठी कोणते आरोग्य केंद्र आहे? तिथे डॉक्टरांच्या जागा किती? भरलेल्या किती? जाऊन पाहा आणि वहीत लिहा.

५. गावाच्या वतीने एक अर्ज लिहा. खाली स्वतःची सही करा.