पिकअप उंच करायची? आधी आरसी काढा, मग गॅरेजला जा

पिकअपच्या व्हिडिओखाली सानगडी, साकोली, लाखांदूर भागातल्या पोरांचे दोनच प्रश्न जास्त आले. "सर, दोन पाटे वाढवले तर किती कट्टे जास्त जातील?" आणि "गाडी उंच करून मागं हूक लावला तर ट्रॉली ओढेल का?" व्हिडिओत पाटे उघडून दाखवले होते, हिशोब राहिला होता. तो इथं करू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एकही नाही. पाटे वाढवले की गाडी कमी दबते, एवढंच. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर, चेसिस सगळं तेच राहतं. गाडी खाली बसली की आपण म्हणतो, "बस, आता पुरे." पाटे वाढवल्यावर ती खूण दिसत नाही आणि आपण भरत राहतो. आरसीवर दोन आकडे असतात. एक अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. दुसरा जीव्हीडब्ल्यू, म्हणजे माल आणि माणसांसकट गाडीचं जास्तीत जास्त वजन. दोन्हीतला फरक हीच तुमची कमाईची जागा. गॅरेजवाला कितीही चांगला असला तरी तो आकडा त्याला वाढवता येत नाही.

समजा हा फरक 1,300 किलो आहे. ड्रायव्हर आणि एक हमाल मिळून 150 किलो धरा. उरले 1,150. धानाचा कट्टा 40 किलोचा, म्हणजे 28 कट्टे. तुम्ही 50 टाकले तर 22 जास्तीचे. कट्ट्यामागं 20 रुपये भाडं धरू (तुमच्या गावचा दर तुम्ही टाका), तर फेरीमागं 440 रुपये जास्त सुटले. आता दुसरी बाजू बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणं ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आहे, वर जास्तीच्या दर टनामागं 2,000, आणि जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा. म्हणजे एकदा सापडलात की 46 फेऱ्यांची वरकमाई गेली. ह्यात टायर आणि क्लच प्लेट धरलेलीच नाही. रोज 50 कट्ट्यांचं काम हातात असेल तर दोन फेऱ्या करा, नाहीतर घेतानाच जास्त वजनाचं मॉडेल घ्या. हप्ता थोडा वाढेल, पण तो आधीच माहीत असतो.

आता उंचीचं. पांदणीत चाकोऱ्या खोल, मधे गोटे, रोवणीच्या दिवसांत चिखल. गाडी उंच हवी असं वाटणारच. पण मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो डिफरन्शियलचा गोळा आहे, तो पाटे वाढवून किंवा ॲक्सल आणि पाट्यांच्या मधे ठोकळे घालून एक इंचही वर जात नाही. वर जाते ती बॉडी. गोटा लागायचा तो गोळ्यालाच लागेल. तो वर न्यायचा तर मोठं टायर लागतं. मोठ्या टायरनं स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि भरल्या गाडीत चढावर क्लच जळतो.

उंच गाडीचे आणखी दुखणे आहेत. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातो. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला लोडप्रमाणं दाब देणारा व्हॉल्व असतो. गाडी किती दबली यावरून तो लोड ओळखतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. साकोलीला हायवेवर उतरल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

कायद्याचंही सांगतो. आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल कलम 52 मधे बसत नाही. कलम 182ए खाली अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढचं लोखंडी गार्डसुद्धा केंद्र सरकारनं डिसेंबर 2017 मधेच बेकायदा ठरवलंय, तरी अर्ध्या गाड्यांना दिसतं. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस लागतो, तेव्हा भंडाऱ्याला हे सगळं उघडं पडतं. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही आधी हेच बघतो.

ट्रॉली ओढायच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. ओढणं सोपं, थांबवणं कठीण. ब्रेक नसलेली भरली ट्रॉली उतारावर मागून ढकलते आणि गाडी आडवी करते. शिवाय ट्रॉलीला वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळा विमा. ट्रॉलीचं काम ट्रॅक्टरला भाड्यानं द्या. फसलेली गाडी काढायची असेल तर दोर चेसिसच्या हुकाला बांधा, बंपरला नाही. बंपर तुटला तर गोळीसारखा येतो. दोराच्या रेषेत कोणाला उभं राहू देऊ नका, बघायला जमलेली पोरं तर आधी हाकला.

मग पैसा कुठं घालायचा? दबलेले, चीर गेलेले पाटे बदला, पण कंपनीच्या मापाचेच. पाट्यांचं काम झाल्यावर दोन-तीन भरल्या फेऱ्यांनी यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. बहुतेक जण हे विसरतात, मग सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल सरकतो. शॅकलच्या बुशला आणि क्रॉसला वेळेवर ग्रीस. नाल्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच आठवड्यात बदला. चिखल वाळायच्या आत रेडिएटर आणि ब्रेक ड्रम धुवा. टायरमधली हवा दारावरच्या पट्टीवर लिहिलेली असते, रिकाम्या गाडीची वेगळी, भरलेल्या गाडीची वेगळी.

खाली कमेंटमधे आपल्या आरसीवरचे दोन आकडे आणि गावचा कट्ट्याचा दर टाका. गाडीचा नंबर टाकू नका. पुढच्या व्हिडिओत दोन-तीन गाड्यांचा फेरीचा हिशोब मांडू, डिझेल आणि हप्ता धरून.