‘वेंधळी’ म्हणण्यापूर्वी...



होस्टेलवर माझं नाव ‘वेंधळी’. आठवड्यातून दोनदा खोलीची किल्ली हरवायची. जर्नल नेहमी सबमिशनच्या आदल्या रात्री, नाईट मारून. पेपरात गणित येत असूनही चिन्ह चुकायचं. दुसऱ्या वर्षी दोन केटी लागल्या तेव्हा घरी निदान झालं, “मोबाईल कमी कर.” बारावीला मार्क उत्तम, त्यामुळे दुसरी शंका कोणालाच आली नाही. तिसऱ्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी खरं नाव सांगितलं : एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार. पूर्वी याला एडीडी म्हणत.

मुलींच्या बाबतीत हे उशिरा का कळतं? वर्गात सारखा उठून पळणारा मुलगा बाईंना लगेच दिसतो. मुलींमध्ये बहुधा लक्ष न टिकण्याचीच लक्षणं ठळक असतात. खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीचा कोणाला त्रास होत नाही! त्यात ‘मुलीच्या जातीनं नीटनेटकं असावं’ हे ऐकत वाढल्यामुळे ती याद्या करून, जागरणं करून सगळं झाकते. घरी आई आठवण करून देते. होस्टेलला तो आधार सुटतो. मग चिंता, उदासी येते. उपचार त्यावरच होतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

यासाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. सतराव्या वर्षापासून पुढे निदानासाठी :

१) एका गटातली किमान पाच लक्षणं, सहा महिने तरी;
२) त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून (१९९४ च्या पुस्तिकेत ही अट सात वर्षांची होती);
३) घर, कॉलेज अशा दोन किंवा जास्त ठिकाणी;
४) अभ्यासावर वा कामावर स्पष्ट परिणाम;
५) दुसऱ्या आजाराने उलगडा होत नाही.

म्हणून डॉक्टरांनी माझी झोप विचारली, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं, आणि शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली. आईने फोनवर शेरे वाचून दाखवले. तिसरी ते सातवी, दरवर्षी तेच : “हुशार आहे, पण लक्ष नसते.” पाचवा शेरा वाचताना आई गप्प झाली. मीही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एएसआरएस प्रश्नावलीत सुरुवातीचे सहा प्रश्न आहेत. ती नुसती चाळणी. त्यावरून स्वतःच स्वतःचं निदान करू नका, आणि मैत्रिणीची गोळी तर मुळीच घेऊ नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो.

आता औषध चालू आहे, किल्लीला दाराशेजारी खिळा आहे, जर्नल रोज दोन पानं. एक केटी सुटली, एक बाकी आहे. सर-मॅडमना एकच विनंती : मागच्या बाकावरच्या गप्प मुलीला ‘आळशी’ म्हणण्याआधी एकदा विचारा, “हे लहानपणापासून होतं का गं?”