फिजिओथेरपीची न बोलली जाणारी शाखा

नीटचा निकाल लागतो, एमबीबीएस हुकतं, आणि "मग फिजिओला टाकू का?" असा प्रश्न घेऊन आईवडील येतात. शेजारी बसलेली मुलगी बहुधा गप्प असते. फिजिओ म्हणजे खेळाडू लंगडला की मैदानात धावणारा माणूस, एवढंच तिला ठाऊक असतं. वडिलांच्या डोळ्यांपुढे गुडघे शेकायचं क्लिनिक असतं. अशा वेळी मी आवर्जून एका वेगळ्या कामाबद्दल सांगते. बाळंतपणानंतर, पिशवी काढल्यावर किंवा पाळी गेल्यावर शिंकताना-खोकताना लघवी सुटते, अंग बाहेर येतं, अशा बायकांना पुन्हा उभं करण्याचं काम. वडील लगेच खिडकीबाहेर बघू लागतात. आई मात्र पुढे सरकून बसते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. ती सैल पडली की वरच्या तक्रारी सुरू होतात. ती सतत आवळलेली राहिली तर शौचाला त्रास होतो, शरीरसंबंध दुखरे होतात. अडचण अशी, की हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ४७ बायकांना फक्त तोंडी सांगून ते आवळायला लावलं, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना नीट जमलं. २५ टक्के बायका तर अशा जोर लावत होत्या, की त्याने लघवी सुटणं वाढलं असतं.

बायोफीडबॅकचा, म्हणजे स्नायूंचं काम यंत्रावर दाखवण्याचा, उपयोग होतो तो इथे. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामांवर लेख लिहिला आणि सोबत पेरिनिओमीटर नावाचं साधनही वापरात आणलं. योनीत बसवलेल्या भागावर स्नायूंचा दाब पडला की काटा हलायचा आणि बाईला आपली ताकद दिसायची. आता प्रोब किंवा चिकटवायचे इलेक्ट्रोड स्नायूंमधली विद्युत हालचाल मायक्रोव्होल्टमध्ये टिपतात आणि पडद्यावर रेघ वर चढते. आवळलं की चढते, सोडलं की उतरते. नीट सोडता येणं हेही आवळण्याइतकंच शिकावं लागतं.

पण यंत्र फसवतंही. श्वास रोखून खाली कुंथलं तरी दाब वाढतोच. मांड्या नाहीतर नितंब आवळले तरी रेघेला हुरूप येतो. म्हणून पोटावरही इलेक्ट्रोड लावतात, आणि तरीही "ताई, पोट ढिलं सोडा, श्वास चालू ठेवा" असं सांगणारं माणूस समोर लागतंच. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. देखरेखीखाली नुसता व्यायाम करणाऱ्या आणि त्याला बायोफीडबॅकची जोड दिलेल्या गटांत दोन वर्षांनी लघवी सुटण्याच्या तीव्रतेत फरक आढळला नाही. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणारी तिथली 'नाइस' ही संस्थाही किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम सुचवते, आणि बायोफीडबॅक सरसकट न वापरता, ज्यांना स्नायू आवळताच येत नाहीत त्यांच्यासाठी त्याचा विचार करायला सांगते. शौचाच्या वेळी स्नायू सैल सोडायच्या ऐवजी आवळले जातात, त्या बद्धकोष्ठतेत मात्र या उपचाराचं पारडं चांगलंच जड आहे.

तेव्हा मुलींनो, चकचकीत पडदा बघून या शाखेकडे येऊ नका, आणि पालकांनी दोन दिवसांचं प्रमाणपत्र व मशीन एकत्र विकणाऱ्यांपासून दूर राहावं. इथे खरी कमाई होते ती तपासणाऱ्या बोटांवर आणि बोलण्यावर. येणारी बाई आधी "कंबर दुखते" म्हणते. खरी तक्रार ओठावर यायला दुसरी-तिसरी भेट उजाडते, आणि तीही सासूबाई बाहेर थांबल्या तर.

वाट सरळ आहे. बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह. महाराष्ट्रात बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या राष्ट्रीय आराखड्यात पाच वर्षांचा झाला आहे, म्हणून आपल्या वर्षाचं माहितीपत्रक नीट वाचा. पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतल्याशिवाय या कामात पाय रोवणं अवघड. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे आत्ताच घरात बोलून घ्या. मुलग्यांना ही शाखा बंद नाही, पण पेशंट बहुधा बाईच थेरपिस्ट मागते, हेही खरं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत नंतर बघा. आधी विचारा: स्त्रीरोग आणि प्रसूती विभागात विद्यार्थ्यांची ड्यूटी किती आठवडे लागते? ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी कोण शिकवतं, प्रत्यक्ष की फक्त स्लाइडवर? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर यादीतलं पुढचं कॉलेज बघा.